ओढा कोणी घाण केला? आधी मोजू, मग बोलू

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या प्रभागाची बैठक होती. विषय नेहमीचाच: ओढ्याचा वास, डास, लहान मुलांना वरचेवर होणारे जुलाब. वरच्या नव्या कॉलनीतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "ओढा मोहल्ल्यातून बाहेर पडतो तिथे जाऊन बघा. सगळी घाण तिथलीच आहे." क्षणभर शांतता पसरली. मग आमच्यातले दोघे एकदम बोलू लागले. एकाने आवाज चढवला. दुसऱ्याने आमच्यावर नेहमीच कसे आरोप होतात त्याची जुनी यादी वाचली. अर्ध्या तासात बैठक भांडणावर संपली. ज्या ओढ्यासाठी सगळे जमले होते, त्याच्या पाण्याबद्दल खात्रीने एक वाक्यही कोणी बोलले नाही.

मीही गप्प बसले होते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन कसा मोजायचा, हे दरवर्षी बी.एस्सी.च्या मुलांकडून करून घेते. त्यासाठी आम्ही नळाचे पाणी वापरतो. ज्या ओढ्याच्या काठी माझे घर आहे, त्याचे पाणी मी एकदाही बाटलीत भरले नव्हते. त्या रात्री मला त्या गृहस्थांचा राग आला, पण त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

हा लेख त्या लाजेतून लिहिते आहे. माझे म्हणणे साधे आहे. आपल्या वस्तीतून वाहणाऱ्या पाण्याची मोजणी आपण स्वतः केली पाहिजे, आणि ती करताना आपली बाजू वगळता कामा नये.

आधी ओढ्याची ओळख करून देते. दक्षिण महाराष्ट्रातल्या शेकडो ओढ्यांसारखाच तो एक. माळावरून निघतो, एका औद्योगिक वसाहतीच्या कडेने येतो, नव्या कॉलन्यांची गटारे पोटात घेतो, बाजारातून मोहल्ल्यात शिरतो आणि पुढे दोन किलोमीटरवर कृष्णेला मिळतो. माझी दादी लग्न होऊन आली तेव्हा गोधड्या याच ओढ्यावर धुतल्या जात. आज त्याला कोणी ओढा म्हणत नाही, नाला म्हणतात. नाव बदलले की अपेक्षाही बदलतात. ओढा घाण झाला तर निदान हळहळ वाटते. नाला तर घाणच असायचा, असे आपण धरून चालतो.

त्या बैठकीनंतर मार्च महिन्यात मी आणि माझे चार विद्यार्थी, त्यांतले दोघे मोहल्ल्यातले आणि दोघे त्याच वरच्या कॉलनीतले, सकाळी सहा वाजता ओढ्यावर गेलो. तीन जागा ठरवल्या: मोहल्ल्याच्या वरचा पूल, मोहल्ल्याचा मध्य आणि मोहल्ला संपतो ती जागा. काचेच्या बाटल्यांत बुडबुडा न राहील असे पाणी भरले आणि जागेवरच त्यात मँगनस सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घातले. ही विंकलर पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. पाण्यात ऑक्सिजन असेल तर बाटलीत तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो. नेमका आकडा काढायला पुढे टायट्रेशन करावे लागते, पण पांढरा साका ओळखायला पदवी लागत नाही.

तिन्ही बाटल्यांत साका पांढरा होता. वरच्या पुलावरच्या बाटलीतही. म्हणजे मोहल्ल्यात शिरण्याआधीच ओढा मेलेला होता.

हे दिसल्यावर आमच्यातल्या एका मुलाने आनंदाने टाळी वाजवली. मला त्याचे वाईट वाटले, पण त्याला बोलले नाही. आरोप ऐकत मोठ्या झालेल्या मुलाला 'हे आपण केलेले नाही' असा पुरावा पहिल्यांदाच हातात मिळाला होता. टाळी वाजणारच.

या आकड्यांचा अर्थ काय, ते सांगते. पंचवीस अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाण्याचे वापरानुसार वर्ग ठरवले आहेत. उघड्यावर आंघोळ करण्यायोग्य पाण्यात ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, मासे जगायला किमान ४. दुसरे माप बीओडीचे. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जंतूंना किती ऑक्सिजन लागेल, ते त्यातून कळते. आंघोळीच्या पाण्यात हा आकडा ३ किंवा त्याहून कमी असायला हवा. बीओडी म्हणजे पाण्याच्या डोक्यावरचे कर्ज आणि विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे हातातली रोकड, असे मी मुलांना सांगते. आमच्या ओढ्याच्या हातात रोकड शून्य होती.

मग वरचे कोणी नियम मोडत होते का? इथेच गोष्ट अवघड होते, आणि मला वाटते की खरा मुद्दा इथेच आहे.

आपल्याकडे पाण्यासाठी दोन मोजपट्ट्या आहेत. एक नदीसाठी, दुसरी नळकांड्यासाठी. पर्यावरण संरक्षण नियमांतल्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदी-ओढ्यांत सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमपर्यंत चालतो, सीओडी २५० पर्यंत. म्हणजे नदीत ३ हवा आणि नळकांड्यातून ३० चालेल. दहापटीचा हा फरक चुकून राहिलेला नाही. सोडलेल्या पाण्यात नदीचे भरपूर स्वच्छ पाणी मिसळेल, असे त्यामागे गृहीत धरले आहे. गणित करून पाहा. नदीच्या पाण्याचा स्वतःचा बीओडी २ असेल, तर ३० बीओडीच्या एक लिटर सांडपाण्याला ३ वर आणायला २७ लिटर नदीचे पाणी लागते.

कृष्णेला पावसाळ्यात हे जमेल. आमच्या ओढ्याचे काय? डिसेंबरनंतर त्याला स्वतःचे पाणीच नसते. मार्चमध्ये त्यातून जे वाहते, ते सगळे कोणी ना कोणी सोडलेले असते. मिसळायला काही नाही. अशा ओढ्यात प्रत्येकाने ३० ची मर्यादा काटेकोर पाळली, तरी ओढा मेलेलाच राहणार. प्रत्येकाकडे नियम पाळल्याचा खरा कागद असेल आणि पाण्यात एक मासा नसेल.

म्हणून नळकांड्याची तपासणी पुरेशी नाही. ओढ्याची तपासणी ओढ्यातच व्हायला हवी, आणि जिथे उन्हाळ्यात मिसळायला पाणी नाही तिथे सोडण्याची मर्यादा त्या ओढ्याच्या कुवतीप्रमाणे कडक हवी. प्रदूषण मंडळाला तशी मर्यादा घालता येते. परवानगी देताना अटी ठरवण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे. मागणी मात्र कोणीतरी करायला हवी.

कायदा याबाबतीत आपल्या समजुतीपेक्षा उदार आहे. १९७४ च्या जल प्रदूषण प्रतिबंध आणि नियंत्रण कायद्याने प्रवाहाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात नदीबरोबर सगळे जलमार्ग येतात, वाहते असोत किंवा त्या वेळेपुरते कोरडे. भूगर्भातले पाणीही येते. म्हणजे आपण ज्याला नाला म्हणून सोडून दिले, तो कायद्याच्या दृष्टीने संरक्षित आहे, कोरडा पडलेला असतानाही. महाराष्ट्राने हा कायदा १९८१ मध्ये स्वीकारला. त्याआधी १९६९ मध्ये राज्याचा स्वतःचा कायदा होता आणि राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० पासून काम करते आहे. कागदावर आपण मागे नाही.

तरी केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले होते. इतके दुसऱ्या कोणत्याही राज्यात नव्हते. हे पट्टे नद्यांचे आहेत. त्या नद्यांना घाण आणून देणारे बहुतेक ओढे कोणत्याच यादीत नाहीत, कारण मोजणीची ठिकाणे मुख्यतः नद्यांवर असतात. आमच्या ओढ्यावर एकही नाही. मोजणीही साधारणपणे महिन्यातून एकदा, दिवसा होते. शेवाळ असलेल्या पाण्यात भर दुपारी ऑक्सिजन चांगला दिसतो, कारण उन्हात शेवाळ तो तयार करत असते. रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन वापरते आणि पहाटे पातळी तळाला जाते. मासे तडफडून वर येतात ते पहाटे. दुपारी बाराच्या नमुन्याला पहाटेची गोष्ट कळत नाही. ती काठावर राहणाऱ्याला कळते.

आता आपली बाजू. ती सांगितल्याशिवाय हा लेख खोटा ठरेल.

मार्चमध्ये वरच्या पुलावरच ऑक्सिजन संपलेला असल्यामुळे मोहल्ल्याने त्यात किती भर घातली, ते आमच्या चाचणीत दिसणे शक्य नव्हते. रिकाम्या खिशातून आणखी काही जात नाही. त्या वर्षी बकरी ईद पावसाच्या सुरुवातीला आली. चांगला पाऊस होऊन गेला होता, ओढ्याला पाणी होते. ईदच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पुन्हा गेलो. वरच्या पुलावर साका तपकिरी. मोहल्ला संपतो तिथे पांढरा.

या वेळी टाळी वाजली नाही.

रक्ताचा बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्याही वर असतो. घरगुती सांडपाण्याचा दोनशे-अडीचशेच्या आसपास. ओढ्यात गेलेल्या एका लिटर रक्ताला ३ च्या मर्यादेत आणायला तेहेतीस हजार लिटर निर्मळ पाणी लागेल. कुर्बानीचे रक्त गटारात सोडले की काय होते, ते या एका गणितात आहे. हे वर्षातून एकदाच होते असेही नाही. मटण-चिकनच्या दुकानांचे धुणावळीचे पाणी रोज त्याच वाटेने जाते.

मी हा निकाल लिहून ठेवते आहे हे कळल्यावर मोहल्ल्यातले एक वयस्कर दुकानदार घरी आले. चाचांनी चहा घेतला आणि म्हणाले, "बेटा, लोक आधीच आमच्याकडे बोट दाखवतात. तू आता कागदावर लिहून देणार?"

त्यांची भीती खोटी नव्हती. मांसाच्या धंद्याकडे आज कोणत्या नजरेने पाहिले जाते ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. कागद चुकीच्या हातात पडला तर ओढा बाजूला राहील आणि दुकानांवर गदा येईल, हे ते बोलले नाहीत तरी मला ऐकू आले. मी रात्रभर विचार केला. मार्चचा कागद दाखवावा आणि ईदचा फाडून टाकावा, असेही मनात आले. पण मग त्या बैठकीतल्या गृहस्थांत आणि माझ्यात फरक काय राहिला? त्यांनी न मोजता दोष दिला होता. मी मोजून लपवणार होते. आणि ज्या वहीत एक पान फाडलेले आहे, तिच्या बाकीच्या पानांवर कोण विश्वास ठेवील?

मी चाचांना एवढेच म्हटले, "चाचा, दोन्ही कागद एकत्रच देईन. आणि आपल्या कागदाखाली आपण काय करणार तेही लिहू." ते काही न बोलता गेले. आठ दिवसांनी त्यांनीच तीन दुकानदारांना बरोबर आणले. आज त्या दुकानांच्या मोऱ्यांना जाळी आहे. चरबी-आतड्यांचे तुकडे वेगळे गोळा होतात, रक्त मोरीत न सोडता डब्यात धरले जाते. पुढच्या ईदला मोहल्ल्याने आधीच ठरवून रक्त आणि अवशेष खड्ड्यात चुना टाकून पुरले. सगळ्यांनी केले असे म्हणणार नाही. बऱ्याच जणांनी केले.

पाण्याच्या शुद्धतेची चर्चा आपल्या घरांत नवी नाही. वजूचे पाणी कसे असावे हे लहानपणीच शिकवले जाते. रंग, वास, चव बिघडलेली नसावी. तेही एक मानकच आहे, डोळ्यांनी, नाकाने आणि जिभेने तपासायचे. ज्या काळात दुसरे साधन नव्हते, त्या काळात ते उत्तम होते. आज वस्तीतल्या बोअरचे पाणी नितळ दिसते, वास येत नाही आणि तरी मुलांचे पोट बिघडते. विष्ठेतले जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्याविषयीची तीच काळजी पुढे न्यायची, तर आज तिला बाटली आणि प्रयोगशाळा यांची जोड द्यावी लागेल.

काही मित्र विचारतात, "शिक्षण, नोकऱ्या, घर भाड्याने मिळत नाही, इतके प्रश्न असताना हे ओढ्याचे काय काढलेस?" माझे उत्तर असे की हे प्रश्न वेगळे नाहीत. घर भाड्याने मिळत नाही म्हणून माणसे ओढ्याच्या काठी दाटीने राहतात. काठावर राहतात म्हणून मुले आजारी पडतात, शाळा बुडते, दवाखान्यात पैसे जातात. आणि घाणीचा शिक्का बसला की नोकरीच्या मुलाखतीत पत्ता सांगायलाही जीभ अडखळते. दुसरे असे की राज्यघटनेने नद्यांचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही दोन्ही नागरिकांची मूलभूत कर्तव्ये म्हणून एकाच कलमात, ५१-अ मध्ये, मांडली आहेत. आपण हक्क मागताना घटना दाखवतो. हे कलमही तिच्यातलेच आहे.

तुमच्या गावात हे करायचे असेल तर फार काही लागत नाही. तीन जागा ठरवा: वस्तीच्या वर, मध्ये आणि खाली. महिन्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी, शक्यतो पहाटे जा. तारीख, वेळ, आदल्या दिवशी पाऊस झाला का, पाण्याचा रंग, वास, तापमान आणि पीएच लिहा. ऑक्सिजनची चाचणी जवळच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या मदतीने आणि शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. तिच्यात तीव्र सल्फ्युरिक ॲसिड लागते. ओढ्यात अनवाणी उतरू नका. पिण्याच्या विहिरी आणि बोअरचे पाणी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्या.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. अशी मोजणी जागा सांगते, नाव सांगत नाही. वरच्या पुलावर ऑक्सिजन नव्हता, एवढेच मी खात्रीने सांगू शकते. तो कारखान्यांनी संपवला की कॉलन्यांच्या मैल्याने, हे त्या बाटलीवरून कळत नाही. त्यासाठी बीओडी आणि सीओडी एकत्र पाहावे लागतात. सीओडी बीओडीच्या अनेक पट असेल, तर जंतूंना न पचणारी रसायने पाण्यात असल्याची शंका येते. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळा हवी. शिवाय कोर्टात टिकणारा सांडपाण्याचा नमुना कायद्याने ठरवून दिलेल्या पद्धतीने मंडळाच्या अधिकाऱ्यानेच घ्यावा लागतो. आपली वही हा पुरावा नाही. अधिकाऱ्याने कुठे आणि किती वाजता यावे, हे सांगण्याचा तो आधार आहे.

तेव्हा वही घेऊन मंडळाच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. ओढ्याच्या पाण्याचा नमुना कधी, कुठे, किती वाजता घेतला, हे माहिती अधिकारात विचारा. कोणाला काय सोडायची परवानगी आहे याची नोंदवही मंडळाला ठेवावी लागते. त्या सांडपाण्याची झळ बसणाऱ्या माणसाला ती पाहण्याचा हक्क कायद्याच्या पंचविसाव्या कलमाने दिला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

गेल्या वर्षी प्रभागाच्या बैठकीत मी दोन्ही कागद मांडले. आधी ईदचा, मग मार्चचा. ईदचा वाचताना मागून कोणीतरी हसले. मार्चचा वाचताना कोणी हसले नाही. कॉलनीतले तेच गृहस्थ पहिल्या रांगेत होते. त्यांच्या कॉलनीचा मैला कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय ओढ्यात जातो, हे त्यांना माहीत नव्हते. मोहल्ल्यातल्या बहुतेकांना आपल्या मोरीचे पाणी कुठे जाते हे माहीत नव्हते, तसेच. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मॅडम, मग आमच्या वरचं कोण मोजणार?"

त्या रविवारी पहाटे ते स्वतः पुलावर आले होते. आता आमच्या वहीत पाच जागा आहेत. मंडळाकडे दिलेल्या अर्जाला अजून उत्तर आलेले नाही. दुसरा अर्ज दिला आहे, त्यावर मोहल्ल्याच्या आणि कॉलनीच्या मिळून सह्या आहेत. ओढ्याला अजून वास येतो. या मार्चमध्ये वरच्या पुलावर साका पुन्हा पांढराच आला.